पोचा काढण्याची विद्या

श्रोतेहो, अमरावतीहून यवतमाळकडे जाणारी सडक नांदगांव खंडेश्वरावरून जाते. खंडेश्वराचें शिवालय उभें राहिलें त्या काळीं मोटार कोणाच्या स्वप्नांतहि नव्हती. परंतु तांब्यापितळेचीं भांडीं घडविणारे हात मात्र तेव्हांहि होते. आज या सडकेवर गाडीला पोचा पडला म्हणजे कारागीर जीं हत्यारें हातीं घेतो, त्यांचें कुळ त्या हातांपर्यंत जाऊन पोहोंचतें. तें कसें, हें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

पुण्याच्या कसबा पेठेंत पेशवाईपासून तांबटांची आळी नांदत आली आहे. तांबट भांडें लोखंडी खुंट्यावर चढवितो आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनें तें मठारतो. ठोक्यांनीं तांबें कठीण होतें. फार ठोकलें तर चिरतें. म्हणून मध्यें मध्यें तें तापवून मऊ करावें लागतें. वरून ठोका, खालून आधार आणि धातूच्या स्वभावाचें भान, या तीन गोष्टींत पोचा काढण्याची सारी विद्या सांठविलेली आहे.

आरंभीच्या मोटारींचा सांगाडा लांकडी असे. अमेरिकेंत एडवर्ड बड यानें संपूर्ण पोलादी सांगाड्याचा पुरस्कार केला आणि १९१४ सालीं डॉज गाडीनें तो मोठ्या प्रमाणावर स्वीकारला. युरोपांत १९२४ सालीं सित्रोएननें तीच वाट धरली. मुंबईंत जनरल मोटर्सचा गाड्या जुळविण्याचा कारखाना १९२८ सालीं निघाला, आणि १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांनीं प्रीमियर कंपनी स्थापिली. गाड्या वाढल्या, तसे पोचेहि वाढले.

या कामाचीं मुख्य हत्यारें दोन: हातोडी आणि डॉली. डॉली म्हणजे मुठींत मावणारी, निरनिराळ्या बाकांची लोखंडी ऐरणच. तांबटाचा रोवलेला खुंटा येथें हातांत आला, एवढाच फरक. पोचा खोल असेल तर डॉली आंतून खळग्याखालीं दाबून धरावयाची आणि ठोका मात्र बाहेरून, शेजारच्या उंचवट्यावर द्यावयाचा. उंचवटा बसतो, खळगा वर येतो. हातोडी थेट डॉलीवर पडली तर मधला पत्रा पातळ होऊन पसरतो. म्हणून असा ठोका शेवटीं आणि हलक्या हातानेंच द्यावा लागतो. पसरलेला पत्रा आकसावयाचा तर एक लहानसा ठिपका लाल होईपर्यंत तापवून, भोंवतालीं ठोकून ओल्या फडक्यानें थंड करतात. अखेरीस कानस फिरविली कीं उंच जागा चमकतात, खोल जागा काळ्या राहतात. तरीहि शेवटचा निर्णय तळहाताचाच! डोळ्यांना न दिसणारी लाट तळहाताला कळते.

राहिलेले बारीक खळगे पूर्वीं शिशाकथिलाच्या मिश्रणानें भरीत. १९५० नंतरच्या दशकांत कृत्रिम राळेची पुटी आली आणि काम सोपें झालें. पण त्याबरोबर मोहहि आला. जो खळगा ठोकून काढावयाचा, तोच पुटीनें बुजविण्याची संवय लागली. जाड पुटी हादऱ्यांनीं तडकते, फटींतून पाणी शिरतें आणि वरच्या रंगाखालीं पत्रा गुपचूप गंजतो. मालकाला तें कळतें तेव्हां पत्र्याला भोंक पडलेलें असतें.

आतां पोलादहि बदललें आहे. अधिक कठीण पत्रे आले, कांहीं गाड्यांत ॲल्युमिनियम आलें. पोलाद तापतांना रंग बदलून कारागिराला सावध करतें. ॲल्युमिनियम सुमारें ६६० अंशांवर वितळतें, पण त्यापूर्वीं लाल होऊन सूचना देत नाहीं. त्यामुळें पुष्कळ ठिकाणीं पत्रा दुरुस्त करण्याऐवजीं बदलूनच टाकतात. कित्येक वेळां तेंच सुरक्षित असतें, हें मान्य केलें पाहिजे. परंतु ज्या दारावरचा पोचा घटकाभरांत निघेल तें दार फेकून देणें, हा मात्र मालकाचा तोटा आणि विद्येचाहि.

ही विद्या कारागिराच्या मनगटांत असते. उस्तादाच्या शेजारीं बसून ठोक्याचा आवाज ऐकल्यावांचून ती शिष्याला येत नाहीं. आणि काम मिळालें नाहीं तर शिष्य तरी कशाला बसेल? तेव्हां श्रोतेहो, गाडी दुरुस्तीस द्याल तेव्हां पत्रा ठोकणार कीं नुसता भरणार, एवढें अवश्य विचारा. पोलादी पत्रा असेल तर परत घेतांना लहानसा लोहचुंबक लावून पाहा; जाड पुटीवर तो धरणार नाहीं. विचारणारें गिऱ्हाईक असलें म्हणजेच हातोडीला मान राहतो.