हरकत असल्यास कळवावे

गावात जमिनीचा व्यवहार झाला की पटवारी फेरफार नोंदवतो आणि त्या नोंदीची प्रत चावडीवर, सगळ्यांना दिसेल अशा जागी लावतो. कागद साधाच असतो. गट क्रमांक, क्षेत्र, देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, हक्क कसा मिळाला याची एक ओळ आणि शेवटी हरकत घेण्यासाठी १५ दिवसांची मुदत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० ने ही पद्धत बांधून दिली आहे. त्याआधी आणि नंतरही कोतवालाची दवंडी हेच काम तोंडी करत आली. या कागदातली शेवटची ओळ सर्वांत मोलाची आहे, कारण ती ऐकणाऱ्याला बोलण्याचा हक्क देते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतल्या खरेदी-विक्रीचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जाहीर करणे आणि हरकत घेऊ देणे ही दोन कामे जिथे एकत्र राहिली तिथे लहान माणसाचा व्यवहार टिकला; जिथे ती तुटली तिथे तो नागवला गेला. आज प्लॉटचे दलाल, किराणा दुकानदार, कृषी केंद्रवाले आणि मंडपवाले मोबाइलवर आपली जाहिरात करू लागले आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या गिऱ्हाइकांसाठी हा इतिहास आजच्या कामाचा आहे.

सुरुवात भूगोलापासून करावी लागते. २०११ च्या जनगणनेत गडचिरोलीच्या १४,४१२ चौरस किलोमीटरमध्ये पावणेअकरा लाखांच्या आत माणसे होती, म्हणजे चौरस किलोमीटरला ७४. त्याच वेळी राज्याची सरासरी ३६५ होती. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांदा जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. त्यापूर्वीचा सलग मुलूख डोळ्यांसमोर आणला तर रान, नद्या आणि विखुरलेली खेडी एवढेच चित्र उरते. इतक्या विरळ वस्तीत रोज उघडे राहणारे दुकान एका गावाच्या गिऱ्हाइकावर जगत नाही. म्हणून दुकानच फिरते ठेवावे लागले आणि आठवडी बाजार ही इथल्या व्यापाराची मूळ संस्था झाली. आज या गावी, उद्या त्या गावी असे बाजाराचे फेर बांधलेले असत. बाजारात माल विकला जाई, तसा भावही कळे, सोयरिकीचा निरोप जाई, बैल विकायचा आहे ही बातमी पसरे. एका ओळीत पाच जण तेच धान्य मांडून बसलेले असताना एकाचे माप खोटे निघाले तर ते सगळ्या ओळीदेखत निघे. शिवाय तोच विक्रेता पुढच्या आठवड्याला त्याच जागी बसणार असे. परत येण्याचे हे बंधन त्याच्या बोलण्याला तारण होते. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या वेशींच्या आतल्या चंद्रपूर शहरात वर्षाला एकदा महाकालीची चैत्रातली यात्रा भरते आणि मराठवाडा-तेलंगणातून भाविक येतात. तिथेही वर्षानुवर्षे येणारा यात्रेकरू ओळखीचे दुकान शोधत येतो, ते याच न्यायाने.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो खरा आहे. जुना बाजार इतका न्याय्य होता तर मिठाच्या बदल्यात चारोळी कशी गेली? भामरागड-एटापल्लीच्या रानात माडिया माणसाने झाडाझाडाखाली वेचलेली, फोडून सोललेली चारोळी मूठभर मिठाच्या मोबदल्यात व्यापाऱ्याने नेली, ही गडचिरोलीच्या शोषणाची सर्वांत परिचित कहाणी आहे. ती झाकून जुन्या बाजाराची आरती ओवाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण तो सौदा कसा होई, हे नीट पाहिले पाहिजे. विकत घेणारा एकच, भाव त्यालाच ठाऊक, भाषा त्याची, माप त्याचे आणि शेजारी बसून ‘हे चूक आहे’ म्हणणारा कुणी नाही. नागपूरच्या पेठेत चारोळी काय भावाने जाते हे सांगणारा आवाज त्या पाड्यापर्यंत पोचतच नव्हता. मीठ मात्र रानात पिकत नाही, त्यामुळे न विकण्याची मुभाही नव्हती. म्हणजे तिथे बाजाराचे नाव होते, बाजाराचा जाहीरपणा नव्हता. ही कहाणी माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट त्याची किंमत दाखवते: माहिती एकाच्याच खिशात राहिली की बदल्यात मीठ मिळते.

जाहीर करण्याचे काम गावाने स्वतःकडे घेतले की काय होते, याचे लोभस उदाहरण झाडीपट्टीच्या नाटकांत आहे. धान घरी आले, दिवाळी झाली की पूर्व विदर्भात मंडई, म्हणजे गावच्या जत्रा, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, यांचा हंगाम सुरू होतो आणि त्यांच्या जोडीने रात्रभर चालणारी नाटके. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचे केंद्र. नाटक मंडळ्यांची कार्यालये तिथे थाटलेली असतात आणि गावोगावची मंडळे तिथे येऊन आपल्या तारखेसाठी नाटक ठरवतात. वडशाला रेल्वे स्टेशन आहे, आणि बऱ्याच काळापर्यंत सबंध गडचिरोली जिल्ह्याला तेवढाच रेल्वेचा आधार होता. कलावंत आणि मंडळे यांची गाठ तिथे पडावी हे स्वाभाविकच. मग पत्रके छापली जातात, भिंतींवर पोस्टरे लागतात, भोंगा लावलेली गाडी पंचक्रोशीत फिरते. पण भोंग्यातून हाक घालणारे मंडळ गावचेच असते. नाटक फसले तर सकाळी पानठेल्यावर त्याच मंडळींना तोंड द्यावे लागते, आणि पुढच्या वर्षी ती मंडळी त्या नाटक मंडळीच्या दारात जात नाहीत. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या महाराष्ट्राला या रंगभूमीचे नाव नव्याने कळले. ती त्याआधी कित्येक दशके भोंगा, पत्रक आणि गावाचा शब्द यांच्या बळावर उभी होती.

रानातल्या मालाच्या बाबतीत हा जाहीरपणा मिळवायला मात्र लढावे लागले. बांबू सरकारच्या मालकीचा धरला जाई आणि करारावर कागद गिरणीला जाई. तेंदूपाने १९६९ च्या वनोपज व्यापार कायद्याखाली सरकारी मक्तेदारीत आली; वनविभाग घटकवार लिलाव करी. लिलाव जाहीर असे, पण जे पाने तोडत त्यांना त्यात मजुरीपुरतेच स्थान होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने पारडे फिरले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ग्रामसभेने निविदा मागवून बांबू विकला. पुढे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्याच्या २०१४ च्या नियमांनंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूही स्वतः विकू लागल्या. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, व्यापाऱ्यांनी यायचे, सगळ्यांसमोर बोली व्हायची, ठराव लिहायचा. ज्या गावांनी आजवर दुसऱ्याचीच जाहिरात वाचली होती ती गावे आपल्या मालाची जाहिरात देऊ लागली, हा या जिल्ह्याच्या व्यापाराच्या इतिहासातला खरा वळणबिंदू आहे.

त्या जाहिरातीमागे काय उभे असते, ते फळीवर, म्हणजे तेंदूची पाने मोजून घेण्याच्या जागी, दिसते. उन्हाळ्यात पहाटे तोडलेली पाने घरी आणून सगळे कुटुंब ती जुळवत बसते. ७० पानांचे एक पुडके, सालीच्या दोरीने बांधलेले. अशी १,००० पुडकी म्हणजे एक प्रमाणित गोणी. संध्याकाळी फळीवर पुडकी ओळीने मांडली जातात, मोजली जातात, कार्डावर आकडा चढतो. व्यापाऱ्याच्या माणसाने काही पुडकी बाद ठरवली तर का बाद, हे तिथल्या तिथे विचारता येते, कारण मोजणी उघड्यावर आणि शेजाऱ्यांदेखत चालते. तरीही हे चित्र सोन्याचे नाही. बाजार चढतो तसा पडतो. १ जुलै २०१७ पासून २०२५ पर्यंत तेंदूवर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. आणि व्यापाऱ्यांनी आपसात ठरवून बोली पाडली तर जाहिरात एकटी काही करू शकत नाही. त्यावर उपाय म्हणून गावे एकत्र आली. कोरचीची महाग्रामसभा हे त्याचे ठळक उदाहरण आहे. जाहीर करण्यालाही पाठीशी माणसे लागतात, हा धडा त्यातून मिळाला.

आता जमीन. ऑनलाइन जाहिरातीचा खरा कस इथेच लागतो, कारण फसलेला किराणा महिन्यात विसरतो, फसलेला प्लॉट दोन पिढ्या छळतो. या भागात जमीन ही कधीच नुसती विकायची वस्तू नव्हती. मालगुजारी आणि जमीनदारी १९५१ मध्ये संपली, पण निस्तार हक्क, माजी मालगुजारी तलाव, वहिवाटीच्या वाटा यांचे थर सातबाऱ्याखाली राहिलेच. विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्याने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेण्यावर बंधन घातले. जमीन महसूल अधिनियमात १९७४ मध्ये आलेल्या कलम ३६-अ ने आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आवश्यक केली, आणि आधी गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. परत करण्याचा कायदा लागतो याचाच अर्थ आधी पुष्कळ गेले होते, आणि ते कुणाच्या हरकतीविना गेले होते. सुरजागडची खाण, कोनसरीचा पोलाद प्रकल्प, वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गाचे काम यांमुळे बाहेरच्या पैशाची नजर पुन्हा या जमिनीकडे वळली आहे. अशा वेळी मोबाइलवर हिरव्या शेताचा फोटो, ‘हायवे टच’ हे दोन शब्द आणि एक फोन नंबर एवढी जाहिरात येते. तिच्यात गट क्रमांक नसतो, भोगवटादार वर्ग एक की दोन हे नसते, मालकाचे नाव तर नसतेच. चावडीवरच्या कागदात जे जे होते तेच नेमके यातून गळलेले असते. ज्यात काही पडताळण्याजोगे नाही त्यावर हरकत तरी कशी घेणार?

यावर दोन उत्तरे दिली जातात. पहिले असे, की इंटरनेटवर गिऱ्हाइकाला तारे देता येतात, अभिप्राय लिहिता येतो. हीच आजची हरकत. दुकानाच्या बाबतीत हे बऱ्याच अंशी मान्य करायला हवे. आसपासची दुकाने दाखवताना आपण शोधाशी जुळणी, अंतर आणि नावलौकिक हे तीन निकष पाहतो, असे गूगल स्वतः सांगते. आठवडी बाजारात जाणारी बाईही हेच तीन पाहत होती. मूल किंवा सिंदेवाहीच्या सायकल दुरुस्तीवाल्याला नकाशावर आपले नाव, वेळ आणि पत्ता फुकट नोंदवता येतो, ही मोठी सोय आहे. पण बाजारातला नावलौकिक ओळखीच्या तोंडून येई. पडद्यावरचा अनोळखी आणि प्रसंगी विकतचाही असू शकतो. शिवाय अभिप्राय व्यवहारानंतर येतो. चहा कडू निघाला तर नंतरचा अभिप्राय चालतो. जमिनीत हरकत आधीच यावी लागते. दुसरे उत्तर असे, की जुन्या जाहीर नोटिसा तरी कोण वाचत होते? शहरातल्या दैनिकात आतल्या पानावर बारीक अक्षरात छापलेली नोटीस कोरचीच्या शेतकऱ्यापर्यंत जात नव्हती. हेही खरे आहे. तिथे रूप होते, पोच नव्हती. आज पोच आहे, रूप हरवले आहे. म्हणून तंत्र नाकारणे हा उपाय नाही. जुन्या कागदातली ती शेवटची ओळ नव्या पडद्यावर आणणे हा उपाय आहे.

हे अशक्य नाही, कारण त्याची सुरुवात झाली आहे. महसूल विभागाने फेरफाराच्या नोटिसा संकेतस्थळावर ठेवल्या आणि त्या सोयीला नाव दिले ‘आपली चावडी’. ते नाव नेमके आहे. स्थावर मालमत्तेच्या कायद्याने प्रकल्पांना आणि दलालांनाही नोंदणी लावली; १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरा या नियामक प्राधिकरणाने प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, म्हणजे वाचणाऱ्याने फोन धरला की प्रकल्पाची नोंद समोर यावी. पण साध्या शेतजमिनीचा व्यवहार या कायद्याच्या कक्षेत येत नाही, आणि गडचिरोलीत तर हेच व्यवहार महत्त्वाचे. तिथे कायद्याची वाट न पाहता दलालानेच सुरुवात करावी. जाहिरातीत गट क्रमांक आणि गाव लिहावे, भोगवटादार वर्ग लिहावा, जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर ते लपवू नये, अकृषक परवानगी असेल तर आदेशाचा क्रमांक द्यावा. असे केल्याने काही सौदे हातचे जातील, हे उघड आहे. पण जे सौदे नोटीस लावताच मोडतात ते मोडण्याजोगेच होते. जो दलाल याच तालुक्यात २० वर्षे धंदा करू इच्छितो त्याला बाजारातल्या त्या विक्रेत्यासारखे पुढच्या आठवड्यात त्याच जागी येऊन बसायचे आहे. त्याने आपल्या प्रत्येक जाहिरातीखाली चावडीवरची ती ओळ आपल्या हाताने लिहावी आणि मनापासून लिहावी: कुणाची हरकत असल्यास कळवावे.