उट्रेख्टचे पत्र

अनेकांच्या हितासाठी थोड्यांचा बळी द्यावा काय, हा प्रश्न सेमिनरीत नैतिक ईशज्ञानाच्या तासाला हमखास विचारला जाई. उत्तर आम्हांला पाठ होते. कयफाने नेमका तोच हिशेब मांडून प्रभूला वधस्तंभाकडे लोटले, तेव्हा उत्तर 'नाही'. परंतु १९४२ साली हॉलंडमध्ये हा प्रश्न उलटा होऊन उभा राहिला, आणि तेथे ते पाठ केलेले उत्तर अपुरे पडते.

मे १९४० मध्ये नाझींनी हॉलंड घेतले. तेथे सुमारे १,४०,००० यहुदी होते. जुलै १९४२ मध्ये त्यांना गाड्यांत भरून पूर्वेकडे नेण्यास प्रारंभ झाला. ११ जुलै रोजी कॅथलिक व प्रॉटेस्टंट धर्मपुढाऱ्यांनी राईश आयुक्त झाइस-इन्क्वार्ट याला एकत्रित तार पाठवून निषेध नोंदविला. सत्ताधाऱ्यांनी एक सवलत देऊ केली. १९४१ पूर्वी ज्यांनी स्नानसंस्कार घेतला आहे, अशा यहुद्यांना नेले जाणार नाही. पुढे, या तारेचा मजकूर ख्रिस्तमंदिरांत वाचू नये, असेही बजावण्यात आले. सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट पंथाने तो मजकूर गाळला. उट्रेख्टचे आर्चबिशप योहानेस द योंग यांनी मात्र नकार दिला. रविवार, २६ जुलै रोजी बिशपांचे मेषपालीय पत्र तारेसह मिस्सेच्या वेळी वाचले गेले. (त्याच दिवशी दाखाऊच्या छळछावणीत कार्मेलाइट धर्मगुरू टायटस ब्रँडस्मा यांना विषारी इंजेक्शन देऊन मारण्यात आले. नाझींच्या जाहिराती छापू नका, हा बिशपांचा निरोप घेऊन ते कॅथलिक संपादकांकडे फिरले होते.)

सूड आठवड्याभरातच उगवला. २ ऑगस्टला कॅथलिक झालेल्या दोनशेहून अधिक यहुद्यांना पकडण्यात आले. त्यांत ट्रॅपिस्ट मठांतील लॉब कुटुंबातील सख्खी भावंडे होती. एख्तच्या कार्मेल मठातून तत्त्वज्ञ एडिथ स्टाइन व त्यांची बहीण रोझा यांना नेले. काहींची पुढे सुटका झाली. या दोघी बहिणी ९ ऑगस्टला आउश्वित्झमध्ये संपल्या.

मग पत्राने साधले काय? एकही गाडी थांबली नाही. हॉलंडमधील एक लाखाहून अधिक यहुदी मारले गेले. उलट स्नानसंस्कार झालेल्या प्रॉटेस्टंट यहुद्यांपैकी पुष्कळ जण वाचले. जमाखर्चाची ही बाजू प्रामाणिकपणे मांडलीच पाहिजे. पोप पायस बारावे यांच्या मौनाचे समर्थक आजही हॉलंडकडेच बोट दाखवितात, ते उगाच नव्हे.

तरीही द योंग यांनी बोलणेच योग्य होते, असे माझे मत आहे. आपली थोडी माणसे राखून घेऊन उरलेल्या लाखाविषयी गप्प बसणे म्हणजे स्नानसंस्काराच्या पाण्याने माणसामाणसांत रेघ ओढण्यास संमती देणे होय. त्यांनी कोणालाही शत्रूच्या हवाली केले नाही. खून खुन्यांनीच केला. नीतिशास्त्राला एवढा भेद पुरतो. मला तो पुरत नाही, कारण किंमत बोलणाऱ्याने मोजली नाही. द योंग १९४६ मध्ये कार्डिनल झाले. टायटस यांनी स्वतःचा जीव पणाला लावला होता. २ ऑगस्टला पकडलेल्यांना मात्र कोणी विचारले नव्हते. एडिथने जून १९३९ मध्येच आपल्या मृत्युपत्रात यहुदी लोकांसाठीही स्वतःचे जीवन देवाला अर्पण केले होते, हे खरे. परंतु त्या गाडीतील बाकीच्यांची सही त्या मृत्युपत्रावर नव्हती.