काळ्यावर पांढरं

परवा बचतगटाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "माझं स्वयंपाकघर एवढंसं, मातीची भिंत धुरानं काळी झालेली. कुणाला आत बोलवायची लाज वाटते." मला झारखंडमधल्या हजारीबागच्या बायका आठवल्या. त्या तर घराची भिंत मुद्दाम काळी करतात!

लग्नसराईत तिथे खोवर चित्रं काढतात. आधी काळ्या मातीचा हात द्यायचा. तो वाळला की वरून पांढऱ्या मातीचा. पांढरी माती ओली असतानाच कंगव्याच्या तुकड्यानं नाहीतर बोटांनी खरवडायची. खालचं काळं दिसू लागतं आणि मोर, हत्ती, वेली उमटतात. माती वाळायच्या आत चित्र पुरं व्हायला हवं.

ही विद्या आईकडून लेकीकडे आली, म्हणून घरकामातच मोजली गेली. २०२० मध्ये सोहराय-खोवर चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं, झारखंडमधलं पहिलंच. त्यासाठी अर्ज केला होता तिथल्या 'सोहराय कला महिला विकास सहयोग समिती'नं. म्हणजे आपल्यासारख्याच एकत्र आलेल्या बायकांनी.

ताईंना म्हटलं, काजळी झाडा, मातीचे दोन हात द्या आणि कंगवा घ्या. चित्र झालं की खाली आपलं नाव लिहायला मात्र विसरू नका.