‘लेडी’ स्टेनोची गोष्ट

मंडळी, समान कामाला समान पगार हा विषय निघाला की आपण कायद्याचं साल सांगतो आणि मोकळे होतो. मला मात्र त्या कायद्यानंतरची मुंबईतली एक केस जास्त बोलकी वाटते.

राज्यघटनेच्या कलम ३९ मध्ये हे तत्त्व १९५० पासूनच आहे. पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून, म्हणजे त्यावर कोर्टात जाता येत नाही! १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या सप्टेंबरात वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये समान वेतन कायदा आला.

ऑड्री डिकॉस्टा तेव्हा मॅकिनन मॅकेन्झी या जुन्या कंपनीत ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. साहेबाचा मजकूर शॉर्टहँडमध्ये घ्यायचा आणि टाइप करायचा. पुरुष स्टेनोही तेच करत, पण त्यांचा पगार जास्त. १९७७ मध्ये नोकरी गेल्यावर बाईंनी फरकाची रक्कम मागितली. प्रकरण पायऱ्या चढत सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. दहा वर्षं!

कंपनीचं म्हणणं काय होतं? एक, १९७५ मध्ये युनियनशी करार झालाय. दोन, लेडी स्टेनो हा वर्गच वेगळा, त्यात पुरुष नाहीतच, मग भेदभाव कुठला? तीन, आमची आर्थिक परिस्थिती नाही. कोर्टाने तिन्ही बाजूला सारलं. युनियनने सही केली म्हणून कायदा टळत नाही, आणि मालकाची ऐपत बघून तो लागू होत नाही.

मला खरा मासला वाटतो तो दुसरा मुद्दा. आधी बायकांची वेगळी पाटी लावायची आणि मग म्हणायचं, तुलना करायला पुरुष आहे कुठे?

आपल्या गावाकडे तरी वेगळं काय असतं? नांगर गड्याचा, खुरपणी बाईची. काम वेगळं म्हणून रोज वेगळा. तिथे कोर्टात जायचं तरी कोणत्या तुलनेवर? म्हणूनच ७२ च्या दुष्काळातली रोजगार हमीची कामं मला महत्त्वाची वाटतात. खोदलेल्या मातीचं माप घ्यायचं आणि त्यावर मजुरी. बाईचा दर, गड्याचा दर असं काही नाही. माती कोणी खणली हे टेपला कळत नाही.

१९७६ चा कायदा आता उरलेला नाही. त्याची तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत गेली. पण पाट्या लावणं काही थांबलेलं नाही. असो. तुमच्या ऑफिसात एकाच कामाची दोन नावं आहेत का, जरा बघा. आणि मला नक्की कळवा.