गाव तिथंच, जिल्हा बदलला

लग्न होऊन सासरी आलो की आपलं नाव बदलतं, गाव बदलतं. पण गाव जागचं हललं नाही आणि त्याचा जिल्हा, राज्यच बदललं, असंही होतं. आज आपण राजुऱ्याची गोष्ट ऐकू.

राजुरा वर्धा नदीच्या अलीकडे, चंद्रपूर पलीकडे. पूर्वी ही नदी म्हणजे सरहद्द होती. पलीकडे इंग्रजांचा मुलूख, अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान. म्हणून चंद्रपूर इतकं जवळ असूनही राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. माणसं मराठी, गोंडी, तेलुगू बोलायची, सरकारी कारभार मात्र उर्दूत चालायचा.

१ नोव्हेंबर १९५६ ला भाषेनुसार राज्यं झाली. आदिलाबाद आंध्रात गेलं. राजुरा आणि किनवट हे तालुके मुंबई राज्यात आले आणि नांदेड जिल्ह्याला जोडले गेले. पुढं १९५९ मध्ये राजुरा चंद्रपूरला जोडलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे १९५० साली राजुऱ्यात जन्मलेल्या मुलीनं दहा वर्षांची होईपर्यंत तीन जिल्हे आणि तीन राज्यं पाहिली, तीही घराचा उंबरा न ओलांडता!

पण भाषेची रेघ डोंगरात नीट ओढता येत नाही. आजच्या जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्रानंही हक्क सांगितला आणि आंध्रानंही. २०१४ नंतर आंध्राच्या जागी तेलंगणा आलं. या गावांत दोन ग्रामपंचायती, दोन सरपंच, दोन रेशनकार्डं असं चालत आलं. ऐकणाऱ्याला वाटेल, बरंय की, दुप्पट धान्य! पण वर्षानुवर्षं कसलेल्या जमिनीचा पट्टा मागायला गेलं, की दोन सरकारं असूनही हात रिकामे राहिले. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसंच हे.

आपलं गाव सीमेवर नसेल. तरी तालुका फुटतो, गाव नगरपंचायतीत जातं, वस्ती वेगळी होते. तेव्हा दप्तर एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातं आणि एखादं नाव मागं राहू शकतं. एकट्या बाईला हेलपाटे पडतात.

म्हणून बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला सातबारा आणि रेशनकार्ड आणावं. गाव, तालुका, जिल्हा बरोबर आहे का, आपलं नाव आहे का, एकमेकींना वाचून दाखवू. रेघ कोणी कुठंही ओढो, आपलं नाव कागदावर असायलाच हवं.