खिडकीतून येणारी हवा : कूलर, झरोका आणि बंद खोलीचा हिशेब

नंदुरबार (प्रतिनिधी) : मार्च संपत आला की नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या गल्ल्यांतून घरांचे रूप पालटते. खिडक्यांच्या गजांबाहेर लोखंडी पत्र्याचे कूलर चढतात, त्यांच्या ताट्यांतील गवत बदलले जाते आणि जूनच्या पहिल्या पावसापर्यंत त्या खिडक्यांना दुसरे काही काम उरत नाही. तापीच्या खोऱ्यातील या भागात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढेच असतो. अशा उन्हात खिडकीकडे पाहण्याची आपली दृष्टी केवळ गारव्याची झाली आहे. खिडकीचे मूळ काम खोलीतील वापरलेली हवा बाहेर काढून नवी आत आणणे हे आहे. गारवा देणारे प्रत्येक यंत्र ते काम करतेच असे नाही. कूलर बाहेरची हवा आत आणतो, तर आज घरोघरी बसणारा स्प्लिट एसी तीच ती हवा खोलीत फिरवतो. हा फरक ठाऊक नसल्याने गारव्यासाठी पैसे मोजून कोंदट खोलीत झोपण्याची वेळ अनेकांवर येते.

बंद खोलीतील हवा किती लवकर खराब होते, याचे गणित सोपे आहे. जर्मनीतील आरोग्यशास्त्रज्ञ मॅक्स फॉन पेटनकोफर यांनी १८५८ साली खोलीतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हजारात एक भागापेक्षा, म्हणजे दहा लाखांत एक हजार भागांपेक्षा अधिक नसावे, असे सुचवले. हा आकडा आजही कोंदटपणाची खूण म्हणून सर्वत्र वापरला जातो. बाहेरच्या हवेत आज हे प्रमाण दहा लाखांत सुमारे ४२० भाग आहे. दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली घेतली, तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. झोपलेला प्रौढ माणूस तासाला साधारण बारा लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघे जण दारे-खिडक्या घट्ट लावून झोपले, तर हे प्रमाण तासाला सातशे भागांनी वाढते. पहिला तास संपता संपता पेटनकोफर यांची मर्यादा ओलांडली जाते. दाराखालच्या फटीमुळे प्रत्यक्षात वेग काहीसा कमी असतो. तरीही सकाळी जड वाटणारे डोके आणि न सरलेली झोप यांमागे कोंदट हवा हे एक कारण असू शकते.

धाबे आणि कुडाची घरे

जुन्या घरांना हा प्रश्न फारसा पडत नसे. खानदेशातील धाब्याच्या घरांत मातीच्या जाड भिंती आणि मातीचेच सपाट छप्पर असे. खिडक्या लहान व मोजक्या असत. मात्र भिंतीत वरच्या अंगाला झरोके आणि छतात उजेडासाठी व धुरासाठी एखादे भोक ठेवलेले असे. गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि वरून निघून जाते, तिची जागा दाराकडून येणारी हवा घेते. पंख्याविना चालणारी ही व्यवस्था वारा पडलेला असतानाही काम करते, हे तिचे वैशिष्ट्य. शिवाय उन्हाळ्याच्या रात्री घरातले सगळे धाब्यावर झोपायला जात, हेही विसरता कामा नये.

सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर भिल्ल व पावरा समाजाच्या घरांच्या भिंती कुडाच्या असतात. बांबू किंवा काटक्यांच्या विणीवर शेणमातीचा लेप आणि वर कौले. या भिंतींतून व कौलांच्या फटींतून हवा सतत झिरपत राहते. चुलीचा धूर घरभर पसरतो हे खरे, पण तो वाट काढत कौलांतून बाहेरही पडतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून किमान २५ चौरस मीटरच्या पक्क्या घराची अट आहे. विटांच्या भिंती आणि सिमेंटचा स्लॅब यांनी पावसापासून व विंचूकाट्यापासून सुटका केली, त्याचे मोल कमी नाही. मात्र अशा घरात चूल आत मांडली आणि वर झरोका ठेवला नाही, तर धुराला जायला वाट राहत नाही. घरातील धुराच्या प्रदूषणामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. स्लॅब ओतण्यापूर्वी दोन विटांची जागा मोकळी सोडण्याला खर्च येत नाही. नंतर ती फोडून काढायला गवंडी बोलवावा लागतो.

खिडकी किती आणि कोठे

राष्ट्रीय इमारत संहितेने उष्ण व कोरड्या हवामानासाठी दारे सोडून उघडण्याजोग्या खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश असावे, असे म्हटले आहे. दमट व उष्ण भागासाठी हेच प्रमाण एक षष्ठांश आहे. नंदुरबार उन्हाळ्यात कोरडे आणि पावसाळ्यात दमट, त्यामुळे किमान मर्यादेवर समाधान मानणे येथे शहाणपणाचे नाही. क्षेत्रफळापेक्षाही महत्त्वाचे आहे ते समोरासमोर असणे. एकाच भिंतीत दोन मोठ्या खिडक्या असण्यापेक्षा समोरासमोरच्या भिंतींत दोन लहान खिडक्या असलेल्या बऱ्या. येणाऱ्या हवेला जायला वाट नसेल तर ती येतच नाही. सरकत्या काचांच्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांत एका वेळी अर्धीच चौकट उघडते, हेही नवे घर घेताना अनेकांच्या ध्यानात येत नाही. डासांची बारीक जाळी आणखी काही हवा अडवते. तरी जाळी काढून टाकण्याचा सल्ला या जिल्ह्यात कोणी देणार नाही. ती दर पंधरवड्याला धुवावी, कारण धुळीने बुजलेली जाळी भिंतीसारखीच असते.

उन्हाळ्यात खिडकी दिवसभर उघडी ठेवणेही चूक. सकाळी नऊ-दहानंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा तापलेली असते, म्हणून कूलर नसलेल्या खोलीच्या खिडक्या तेव्हा लोटून, पडदे ओढून घ्याव्यात. सूर्यास्तानंतर सगळी कवाडे उघडावीत आणि रात्रभर भिंतींना निवू द्यावे. मिरचीच्या हंगामात मात्र नंदुरबार शहराच्या काही भागांत हा नियम मोडावा लागतो. शहरालगतच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली असताना वाऱ्याची दिशा फिरली, की ज्यांना ठसका लागतो त्यांना खिडकीचे शास्त्र सांगण्यात अर्थ नसतो. त्यांनी दुसऱ्या अंगाची खिडकी उघडावी.

कूलर : अर्धी खिडकी उघडी हवी

कूलरची कल्पना नवी नाही. उत्तर हिंदुस्थानात वाळ्याच्या ताट्या दारा-खिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत फार जुनी. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांतून थर्मँटिडोट नावाचे यंत्र खिडकीला बसवले जाई. लाकडी पेटीच्या बाजूंना वाळ्याच्या ओल्या ताट्या आणि आत नोकराने हाताने फिरवायचा पंखा, अशी त्याची रचना होती. नोकराच्या जागी विजेची मोटर आणि पाणी शिंपडणाऱ्याच्या जागी छोटा पंप आला, की तोच आजचा कूलर होतो. वाळ्याऐवजी लाकडाच्या बारीक तासाचे गवत आले आणि आता मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या छिद्रांचे कागदी पॅड आले आहेत. ते महाग असले तरी अधिक टिकतात.

एक लिटर पाण्याची वाफ होताना हवेतून साधारण पाऊण युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. हवा जितकी कोरडी, तितके पाणी झपाट्याने उडते. मेच्या दुपारी ४२ अंश तापमान आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या कूलरमधून सत्तावीस अंशांच्या आसपासची हवा मिळू शकते. जुलैमध्ये तापमान ३२ आणि आर्द्रता ८० टक्के असताना हाच कूलर दोन अंशांपलीकडे फरक पाडू शकत नाही. यात यंत्राचा दोष नसतो. हवेतच पाणी सामावून घेण्याची जागा उरलेली नसते.

कूलरबाबत सर्वांत मोठी चूक दार-खिडक्या लावून घेण्याची होते. ‘गार हवा बाहेर जाईल’ या भीतीने खोली बंद केली, की ओलसर हवा आतच साचते, अंग चिकचिकते आणि तासाभरात कूलर ‘काम करेनासा’ होतो. कूलर जेवढी हवा आत ढकलतो, तेवढी बाहेर पडायलाच हवी. त्यासाठी कूलरच्या समोरच्या भिंतीतील खिडकी किंवा दार उघडे ठेवावे. ही वाट कूलरच्या तोंडापेक्षा लहान नसावी. कूलर शक्यतो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या, सावलीतल्या खिडकीला बसवावा. खोलीच्या आत मध्यभागी ठेवलेला कूलर तीच दमट हवा पुनःपुन्हा ओढतो, म्हणून तो ताज्या हवेचे साधन राहत नाही.

पावसाळ्यात कूलर उतरवण्याऐवजी पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालवावा, म्हणजे तो बाहेरची हवा आणणारा मोठा पंखा ठरतो. घरातील कूलर साधारण दीडशे ते अडीचशे वॅट वीज घेतो. दीड टनाचा एसी पूर्ण भाराने चालताना दीड हजार वॅटच्या आसपास घेतो. पाण्याचा खर्च मात्र कूलरला आहे. कडक उन्हात तासाला पाच-दहा लिटर पाणी सहज उडते, आणि टंचाईच्या महिन्यांत हा हिशेब प्रत्येक घराला करावा लागतो.

दोन धोके आवर्जून सांगायला हवेत. कूलरच्या टाकीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अंडी घालतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी. दुसरा धोका विजेचा. पत्र्याची टाकी, पाणी आणि जुनी वायर एकत्र आले म्हणजे काय होते, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला दर उन्हाळ्यात कळते. तीन पिनांचा प्लग, खरे अर्थिंग आणि पाणी भरताना प्लग काढणे, एवढ्याने बहुतेक अपघात टळतात.

एक्झॉस्ट आणि एसी

एक्झॉस्ट पंखा हवा बाहेर फेकतो, त्यामुळे आत नवी हवा येण्याची जागा त्याच्यापासून दूर, समोरच्या बाजूला हवी. शेजारचीच खिडकी उघडी असेल तर पंखा तिथूनच हवा घेऊन बाहेर टाकतो आणि ओट्यावरचा धूर तसाच राहतो. आठ बाय दहा फुटांच्या स्वयंपाकघरात साधारण २३ घनमीटर हवा असते. फोडणीच्या वेळी तासाला पंधरा वेळा हवा बदलायची, तर ताशी सुमारे ३४० घनमीटर क्षमतेचा पंखा लागतो. खरेदीच्या वेळी पात्यांच्या इंचांऐवजी हा आकडा विचारावा. ओट्यावरच्या काही चिमण्या हवा केवळ गाळून परत आत सोडतात. बाहेर जाणारी नळी नसेल तर ती चिमणी हवा बदलत नाही.

स्नानगृहातील काचपट्ट्यांची झडप हा विषय अधिक गंभीर आहे. गॅसचा गिझर बंद स्नानगृहात चालवल्याने जीव गेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात हिवाळ्यात येत असतात. थंडी येते म्हणून या झडपेला पुठ्ठा लावणे जिवावर बेतू शकते. गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेर असावेत.

खिडकीत बसणाऱ्या जुन्या धाटणीच्या एसीला बहुधा हवेची एक छोटी झडप असते. ती उघडली की थोडी हवा बदलते, पण बहुतेकांनी तिला हातही लावलेला नसतो. स्प्लिट एसीला सहसा अशी सोय नसते. तेथे झोपण्यापूर्वी दहा मिनिटे आणि पहाटे पुन्हा दहा मिनिटे खिडकी सताड उघडणे किंवा रात्रभर बोटभर फट ठेवणे, हाच मार्ग. इंग्लंडमध्ये खिडकीच्या चौकटीतच बारीक हवाफट ठेवतात आणि जून २०२२ पासून खिडक्या बदलतानाही तिची तरतूद सर्वसाधारणपणे आवश्यक ठरली आहे. आपल्याकडे सुतार वा ॲल्युमिनियमच्या कारागिराला सांगितले, तर वरच्या पट्टीत जाळीची अशी फट सहज करून मिळते.

करोनाच्या काळात या विषयाकडे सरकारचेही लक्ष गेले. २०२१ च्या मे महिन्यात केंद्राच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने खिडक्या उघड्या ठेवण्याची व एक्झॉस्ट पंखे वापरण्याची सूचना काढली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने घरे व रुग्णालये सोडून इतर ठिकाणी प्रतिव्यक्ती सेकंदाला दहा लिटर ताजी हवा असावी, असे सुचवले. तेव्हा नंदुरबार जिल्ह्याचे नाव प्राणवायूच्या प्रकल्पांमुळे देशभर गाजत होते. खिडक्यांची चर्चा त्या मानाने थोडीच झाली. शिकवणीचे वर्ग, वसतिगृहे आणि आश्रमशाळांची निजण्याची दालने येथे हा निकष आजही लावून पाहण्यासारखा आहे. क्षयरोग हवेतून पसरतो, आणि वारा खेळणारी खोली ही त्याविरुद्धची जुनी, स्वस्त उपाययोजना आहे.

उन्हाळा एवढाच काही या जिल्ह्याचा ऋतू नाही. तोरणमाळ आणि अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात. अशा रात्री निखाऱ्यांची शेगडी घरात घेऊन दारे लावली जातात. धुमसणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. झोपलेल्याला जाग येत नाही. शेगडी शेकून झाल्यावर, निजण्यापूर्वी, ती अंगणात ठेवावी. आत असेपर्यंत दार किंवा खिडकीचे एक कवाड उघडे राहू द्यावे.