वारस नोंद

चला, 1973 सालच्या मे महिन्यात. तुम्ही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हसवडजवळच्या एका माळावर उभे आहात. चपलेतूनही मुरमाचा चटका बसतोय. माणगंगेचं पात्र कोरडं ठाक. रस्त्याच्या कामावर बायका ओळीनं बसून खडी फोडताहेत, पोरं झुडपाच्या तुटपुंज्या सावलीत निजलीत. कुणाच्या फडक्यात लाल मिलोची भाकरी आहे, कुणी सरकारी सुकडी कागदात जपून बांधलीय, घरच्या धाकट्यासाठी. या महिन्यात महाराष्ट्रभर सुमारे 50 लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर आहेत.

तिकडे बाभळीखाली सतरंजीवर बसलेले ते माझे आजोबा. धोतर, पांढरा सदरा, काळी टोपी, शेजारी खारव्याच्या लाल फडक्यात बांधलेलं दप्तर. या सजाचे तलाठी. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. कामावर येणाऱ्यांची यादी ते करताहेत. जरा जवळ जाऊन ऐका.

"नाव?"

"लिवा की, ह्येंचं."

नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेणार नाही. ते कोतवाल सांगतो. पुष्कळ याद्यांत काम इथंच संपायचं. नवऱ्याचं नाव आणि पुढे 'बायको' एवढं लिहिलं, की झालं. भाऊसाहेब मात्र पेन उचलून धरतात.

"त्यांचं लिहिलं. आता तुमचं सांगा, बाई."

ती पदर तोंडाशी धरते, शेजारणीकडे बघून हसते आणि हळूच नाव सांगते. आजोबा ते लिहितात, मग वाचून दाखवतात, बरोबर आहे का विचारतात. रांग लांब आहे आणि ऊन डोक्यावर आलंय, तरी पुढच्या बाईला पुन्हा तोच प्रश्न.

आता दोन वर्षं पुढे या, 1975 च्या पावसाळ्यानंतर, चावडीवर. एक खातेदार वारलाय. त्याची विधवा दाराशी उभी आहे, आत यायला कचरतेय. दीर आत येऊन बसलाय.

"भाऊसाहेब, पोराचं नाव लावा. पोरी काय, उद्या नांदायला जातील."

आजोबा आवाज चढवत नाहीत. 1956 चा वारसा कायदा ते त्याला गावच्या भाषेत समजावतात: बापाच्या वाट्यात मुलगा, मुली आणि विधवा, सगळे वारस. मग त्या बाईला आत बोलावून खाली बसवतात, मुलींची नावं विचारतात आणि फेरफारात सगळी नावं एकाखाली एक लिहितात. नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस. हरकत आलीच, तर वरच्या अधिकाऱ्यापुढे सुनावणी होईल. "तुम्हाला हरकत घ्यायची तर जरूर घ्या, मी पोच देतो," असं ते दिराला सांगतात. त्याला चहाही पाजतात.

तलाठी म्हटलं की पुष्कळांना हात ओले केल्याशिवाय न निघणारा उतारा आठवतो. तो अनुभव खोटा नाही. म्हणूनच तुम्हाला या चावडीत आणलं. प्रामाणिक माणसाला तेव्हा महसूल खात्यात मोठं काही करायची गरज नसायची. पीक पाहणीला खरंच शेतात जायचं, तगाईच्या वसुलीला गेल्यावर चुलीवर काय शिजतंय ते आधी बघायचं आणि वारस लिहिताना कुणाला गाळायचं नाही, एवढं पुरायचं. आजोबांनी नोकरीभर एवढंच केलं. पगारात घर जेमतेम चालायचं, आजी वर्षानुवर्षं दोन लुगड्यांवर भागवायची. त्यांच्या सचोटीची अर्धी किंमत तिनं मोजली. हे घरात कुणी बोलून दाखवलं नाही, म्हणून मी इथं लिहिते.

आता 1988. दहिवडीतलं आमचं घर, दुपार. आजोबा निवृत्त झालेत आणि त्यांचा सगळा वेळ त्या फ्रॉकमधल्या मुलीचा आहे. ती मी. माझ्या वह्यांना खाकी कव्हरं घालून ते वळणदार अक्षरात माझं नाव घालताहेत, प्रत्येक अक्षराची गाठ नीट बसवत. मग आमचाच सातबारा पुढ्यात घेऊन मला वाचायला लावतात. ज्वारी, मटकी, हुलगा, पड. 'पड' आलं की थांबवून विचारतात, "का पड राहिली असेल?" विहिरीला पाणी नव्हतं, बैल मेला, घरात कुणी आजारी होतं. मला सुचतील तेवढी कारणं मी सांगायची आणि त्यांनी त्यांना माहीत असलेलं त्या वर्षाचं खरं कारण सांगायचं. इतर मुलांना गोष्टी मिळायच्या, मला हे मिळालं आणि मी त्यात रमायचे.

माझ्या दहावीच्या परीक्षेला ते रोज केंद्राबाहेरच्या लिंबाखाली बसून राहायचे, मांडीवर पाण्याची बाटली. बाहेर आल्यावर पेपर कसा गेला हे त्यांनी कधी विचारलं नाही. आधी पाणी द्यायचे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते गेले. दिवस झाल्यावर वडील आणि काका तलाठ्याकडे वारस नोंद द्यायला गेले. हक्कसोड करून देऊ, असं दोन्ही आत्या आपणहून म्हणत होत्या. वडील म्हणाले, "भाऊंनी जन्मभर दुसऱ्यांच्या मुलींची नावं लावली. त्यांच्या मुलींची आम्ही काढू?" आज त्या कोरडवाहू जमिनीच्या उताऱ्यावर आजीखाली चारही भावंडांची नावं आहेत.

तुमच्याही घरी सातबारा असेल. तो काढा, त्यावरचे फेरफार क्रमांक बघा आणि ते जुने फेरफार मागवून वाचा. आजी, आई, आत्या, बहीण यांतलं कुणाचं नाव तिथं असायला हवं होतं आणि नाही, ते तपासा. राहिलं असेल, तर यंदाच अर्ज द्या.